रविवारी कोणाचा मोह वेचायचा

मार्थाबाई, पाळकसाहेब, आणि इथी जमलेल्या सगळ्या भावांनो, बायांनो,

प्रार्थनाघरात कधी पाय टाकला नाई असेही लोक आज आमच्या आधी येऊन ताडपत्रीवर बसले आहेत. सावलीची जागा तुम्हीच धरली, आम्ही उन्हात. चालते. याकोबभाऊंनी तसंच केलं असतं.

मी मनोहर. याकोबभाऊंच्या घराले लागून जे घर आहे ते माझं. चाळीस वर्षं आमची एकच भिंत. ते तिकडं खोकलले तर मी इकडून "पाणी घ्या" म्हणे. आता त्या भिंतीपलीकडून आवाज येत नाई. मंगळवारपासून मी त्या भिंतीकडं पाठ करून झोपून राह्यलो.

पाळकसाहेब म्हणाले, मनोहरभाऊ, पाच मिनिटं बोला. चार दिवसांत मी हे पाच मिनिटांचं बोलणं मनातल्या मनात पंधरा वेळा बोललो. दर वेळी पहिल्याच वाक्याले अडकलो. म्हणून पहिलं वाक्य मी काढून टाकलं आहे. दुसऱ्यापासून सुरू करतो.

दुसरं वाक्य असं, की याकोबभाऊ फार चिवट माणूस होता. मेला तरी सोडत नाई.

हसा, हसा. खुद्द त्यांच्या घरवाल्या मार्थाबाई हसून राह्यल्या, मग तुम्हाले काय झालं?

सोडत नाई असं काऊन म्हणतो ते आधीच सांगून टाकतो, नाईतर मी मधातच घाबरून बसून जाईन. याकोबभाऊंनी जाताना माझ्या डोक्यावर एक काम ठेवलं. ते काम तिकडं निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलं आहे, एक पाय समोर लांब करून. माझा मोठा भाऊ. प्रभुदास. नऊ वर्षं झाली, मी त्याच्याशी बोललो नाई, तो माझ्याशी बोलला नाई. हे सगळ्या गावाले माहीत आहे, आता धानोऱ्याहून आलेल्या पाहुण्यांलेही माहीत झालं. उद्या रविवार आहे. उद्या सकाळी मी त्याच्या झाडाखालचा मोह वेचून द्यावा, असं याकोबभाऊ मले सांगून गेले. आणि मले वेचायचा नाई.

म्हणजे पाहा, लोक शोकसभेत उभे राहून मेलेल्याचं मोठेपण सांगतात. मी माझं लहानपण सांगायले उभा राह्यलो आहो.

जे बाहेरून आले त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या गावात आमची ख्रिस्ती घरं बारा. बाकी गाव गोंडभावांचं, आणि तलावाकडची आळी मासे धरणाऱ्या ढिवरभावांची. पाळक महिन्यातून एकदा येतात. उरलेले रविवार याकोबभाऊ चालवत. त्यांना पगार नव्हता, झगा नव्हता. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथी सुतळी. प्रार्थनाघराची किल्ली त्यांच्या करदोट्याले. ते प्रार्थना सुरू करत तेव्हा आधी किल्ली शोधण्यात पाच मिनिटं जात, आणि आम्ही म्हणू, देवा, आधी किल्ली दे, मग बाकीचं.

त्यांची शिकवण एकच होती. देवाची इच्छा पाळा. बस. दुसरं काही त्यांना जमत नसे असं नाई, पण ते फिरून फिरून तिथीच येत. आणि त्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा येत असंल? "देवाची इच्छा" या बोलण्याचा.

आपल्या गावाची सवय तुम्हाले माहीत आहे. तलावाची पाळ दुरुस्त करायची ठरली होती, आठवते का? दवंडी झाली. प्रत्येक जण म्हणाला, "देवाची इच्छा असंल तर येतो." सकाळी पाळीवर कोण होतं? एक याकोबभाऊ, एक कुदळ आणि एक बगळा. दुपारी घमेलं घेऊन ते घरोघर फिरले. माझ्या दारात आले. म्हणाले, "मन्या, देवाची इच्छा काय निघाली?"

मी म्हटलं, "भाऊ, अंग दुखून राह्यलं."

"म्हणजे तुझी इच्छा नव्हती. मग तसं सांग ना. त्याच्या नावावर काऊन टाकतोस?"

त्या रविवारी त्यांनी उभं राहून सांगितलं, की आपल्या गावात "देवाची इच्छा असंल तर" हे "नाई" म्हणायचं सभ्य नाव झालं आहे. आजपासून हे शब्द ज्याच्या हातात कुदळ, टोपली नाईतर घमेलं असंल, त्यानंच बोलायचे. रिकाम्या हातानं कोणी बोलायचे नाई. आमचे ढिवरभाऊ बाहेर सायकलवर थांबून ऐकत होते, त्यांनाही ते पटलं. त्यांच्या आळीत अजून कोणी तसं बोललं तर म्हणतात, "कुदळ दाखव."

स्वतः याकोबभाऊंची प्रार्थना मात्र ऐकण्यासारखी होती. भिंत एकच असल्यामुळं मले रोज ऐकू येई. "देवा, तुझ्या मनात असंल तसंच होऊ दे. माझं काही म्हणणं नाई." मग थोडं थांबत. मग म्हणत, "पण प्रार्थनाघराचे पत्रे पावसाच्या आधी बसले तर बरं होईल. म्हणजे तूच पाहा. मी आपलं सुचवून राह्यलो." मी भिंतीपलीकडून ओरडे, "भाऊ, त्याले सुचवू नका, त्याले सुचते!" ते ओरडत, "तू झोप बे, हे तुझ्याशी नाई चाललं!"

आता मुद्द्याले येतो. मोहावर येतो.

पाळकसाहेब, तुम्ही नवीन आहात, म्हणून तुमच्यासाठी सांगतो. मोह म्हणजे मोहाची फुलं. महिनाभर पडते. पहाटेपासून पडायले लागते, ऊन चढलं की थांबते. त्याच वेळात वेचावा लागते. एक दिवस सोडला तर त्या दिवसाचा मोह गाई खातात, शेळ्या खातात, हरणं खातात, अस्वल खाते. झाडाखाली पाला जाळून जागा साफ केली, टोपली घेऊन वाकलो, की कंबर मोडेपर्यंत वेचत राह्यचं. आमच्या इथी प्रत्येक घराची झाडं ठरलेली आहेत. आणि झाडाले कॅलेंडर कळत नाई. रविवारीही पडते.

तर तुमच्या आधीचे, त्यांच्याही आधीचे पाळकसाहेब होते. चांगला माणूस. त्यांनी ऐन मोहात येऊन सांगितलं, की रविवार विसाव्याचा दिवस आहे, रविवारी मोह वेचायचा नाई, ही देवाची आज्ञा. मार्थाबाई तेवढ्या म्हणाल्या, "मग शेळ्यांनाही सांगून जा." पण याकोबभाऊ उभे राह्यले आणि म्हणाले, आज्ञा आहे तर पाळू.

पुढच्या रविवारी मी काय केलं? टोपलीवर दुपट्टा टाकला आणि अंधारातच निघालो. माझ्याच झाडाखाली मी चोरासारखा गेलो. वेचू लागलो. थोड्या वेळानं उजाडलं, तर शेजारच्या झाडाखाली याकोबभाऊ बसलेले. मांडी घालून. हातात काठी.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही?"

"मी काम करून नाई राह्यलो," ते म्हणाले. "मी बसलो आहो."

"काठी?"

"शेळ्यांशी बोलायले."

ते झाड त्यांचं नव्हतं. ते सोमीबाईचं होतं. सोमीबाई, हात वर करा. ह्या बसल्या आहेत. त्यांचा देव वेगळा, त्यांच्या देवाचं ठाणं टेकडीवर. त्या वर्षी त्यांना हिवताप आला होता, घरात दुसरं कोणी नाई. त्यांचा सगळा मोह जमिनीवर पडून होता. याकोबभाऊ पहाटेपासून राखण करून राह्यले होते, का सोमवारी उठून आधी सोमीबाईचा वेचू, मग आपला.

मी वेचत राह्यलो. ते बसून राह्यले. पण बसून राहणं याकोबभाऊंना कुठी जमते? थोड्या वेळानं म्हणाले, "मन्या, त्या दगडाजवळ दोन राह्यले." मी उचलले. "मुळाच्या पलीकडं पाहा, चार आहेत." मी उचलले. "पाल्याखाली, पाल्याखाली!" मग मी कंबर सरळ केली आणि म्हटलं, "भाऊ, बोटानं वेचणं आज्ञेत बसते का?"

ते त्या पडलेल्या मोहाकडं पाहत राह्यले. एक शेळी आली, तिला काही बोलले नाई. मग गुडघ्यावर आले. मले वाटलं, प्रार्थना करून राह्यले. मी माझी टोपी काढली. पाहतो तर माणूस वेचून राह्यला! दोन्ही हातांनी.

मी म्हटलं, "भाऊ, रविवार!"

म्हणाले, "हे माझं नाई बे. हे सोमीबाईचं आहे. माझं काम मी आज करणार नाई. तिचं न करणं हे कोणत्या आज्ञेत सांगितलं आहे, ते तू मले सांग."

मग माझ्या टोपलीकडं पाहून म्हणाले, "ती कोणासाठी आहे?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "सोमीबाईसाठीच."

आयुष्यात एवढी जड टोपली मी दुसऱ्याच्या अंगणात कधी ओतली नव्हती. आणि सोमीबाईंनी काय म्हणावं? खाटेवरून म्हणतात, "तुमच्या देवाले रविवारी सुट्टी असते ना? मग त्याचे गडी काऊन आले?" म्हटलं का नाई सोमीबाई? पाहा, मान डोलवून राह्यल्या.

तिथून आपल्या गावात हे सुरू झालं. रविवारचा मोह स्वतःच्या नाईतर आपल्या सोयऱ्याच्या घरात न्यायचा नाई. ज्याले वेचता येत नाई त्याच्यासाठी वेचायचा. बाळंतीण असंल, तापातला असंल, म्हातारा असंल. ख्रिस्ती असो, गोंड असो, ढिवर असो. शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर याकोबभाऊ ओट्यावर बसत आणि नावं सांगत. अमक्यानं तमक्याचा. त्यात वाद चालत नसे. सकाळी वेचून झालं की मग आंघोळ, मग प्रार्थना. म्हणून मोहात आमची प्रार्थना दीड तास उशिरा सुरू होते, पाळकसाहेब. तुम्हाले वाटलं असंल आम्ही आळशी आहो.

त्या वेळच्या पाळकसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी याकोबभाऊंना बोलावून विचारलं. याकोबभाऊंनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी विचार करून सांगतो. मग त्यांची बदली झाली. विचार अजून चालू असंल.

अस्वलाचंही सांगून टाकतो, नाईतर तुम्ही म्हणाल मनोहरनं अस्वल गाळलं. पुढच्या वर्षी आम्ही दोघं एका ढिवरबाईचा मोह वेचून राह्यलो होतो. मागं सुंसुं आवाज आला. वळून पाहतो तर वीस हातांवर अस्वल. तेही वेचूनच राह्यलं होतं. याकोबभाऊंनी डोळे मिटले, हात जोडले आणि हळू आवाजात सुरू केलं, "देवा, तुझ्या मनात असंल तसं..." मीही डोळे मिटले. पुढचे शब्द येईनात. डोळे उघडले तर भाऊ पार नाल्याजवळ! टोपली माझ्यापाशी, अस्वल माझ्यापाशी, भाऊ नाल्याजवळ!

गावाजवळ येईपर्यंत मी पळालो. मग म्हटलं, "भाऊ, प्रार्थना अर्धी सोडून पळालात?"

धापा टाकत म्हणाले, "उत्तर आलं ना बे."

मार्थाबाई, हे तुम्हाले त्यांनी वेगळं सांगितलं असंल. खरं हे आहे.

बरं. आता हसणं झालं. आता निंबाखाली जाऊ.

आमच्या बापाच्या शेताच्या दोन वाटण्या झाल्या. बांध मधात आला. बांधावर मोहाचं झाड. खोड प्रभुदासच्या बाजूनं, अर्ध्या फांद्या माझ्या शेतावर. आता सांगा, माझ्या शेतात पडलेला मोह कोणाचा? तो म्हणे, झाड माझं. मी म्हणे, जमीन माझी. दोन वर्षं आम्ही एकाच झाडाखाली, बांधाच्या दोन बाजूंनी, एकमेकांकडं पाठ करून वेचला. दोघांच्या बायका मधात उभ्या राहून कपाळाले हात लावत. तिसऱ्या वर्षी मी चंद्रपूरले सोयऱ्याच्या लग्नाले गेलो. परत आलो तर माझ्या बाजूच्या सगळ्या फांद्या तोडलेल्या. कुऱ्हाडीनं. बुंध्यापासून. ज्या फांदीवर आमचा बाप आम्हा दोघांना झुला बांधून देई, तीही.

तेव्हापासून बोलणं बंद. तो प्रार्थनाघरात खिडकीकडं बसते, मी दाराकडं. काही निरोप द्यायचा झाला तर हवेत बोलतो. "कोणीतरी सांगा, बैल धानात शिरले म्हणून." तोही हवेतच उत्तर देते. नऊ वर्षं आमची हवा फार कामाची झाली.

आणि दर रविवारी ती प्रार्थना येते, ज्यात आपण म्हणतो, का आम्ही जशी दुसऱ्याले माफी देतो तशी तू आम्हाले दे. तिथी मले खोकला येते. नऊ वर्षं, बरोबर त्या ओळीले. ओळ संपली की खोकला थांबते. याकोबभाऊंनी एकदा दारात थांबवून म्हटलं, "मन्या, तुझा खोकला फार शिस्तीचा आहे. त्याले जरा घरी ठेवून येत जा."

यंदा पुसाच्या महिन्यात प्रभुदास तलावाच्या पाळीवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. त्याची बायको दोन वर्षांमागं गेली. पोरी लग्न होऊन दूर, एक राजुऱ्याले, एक कोरपन्याले. म्हणजे यंदा त्याचा मोह वेचणारं कोणी नाई. मले हे ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी शनिवारी ओट्यावर याकोबभाऊंच्या समोर बसणंच सोडून दिलं. खांबामागं बसू लागलो.

गेल्या शनिवारी ते ओट्यावर आले नाई. अंगणात खाटेवर होते, दम लागून राह्यला होता. मले हाक मारली. मी गेलो, पायापाशी बसलो.

म्हणाले, "मन्या, प्रभुदासचा मोह तू वेच."

मी म्हटलं, "भाऊ, नियम तुमचाच आहे. आपल्या सोयऱ्यासाठी वेचायचा नाई. तो तर माझा सख्खा भाऊ आहे."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं पाहत राह्यले, आणि मग जे हसले, मार्थाबाई आतून पाणी घेऊन धावत आल्या. म्हणाले, "मार्था, ऐकलं का? सख्खा भाऊ म्हणाला! नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणाला! आणि म्हणाला तेही काम टाळायले!"

मी तोंड पाडून बसलो. मग ते मऊ झाले. म्हणाले, "तुझं मन नाई ना?"

मी म्हटलं, "नाई भाऊ. खरं सांगतो. अजून ती फांदी दिसते मले."

मले वाटलं, आता रागावतील. ते रागावले नाई. हळूहळू, दम घेत घेत बोलले. "क्रुसावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत प्रभूचंही मन नव्हतं रे. त्यानं बापाले तोंडावर सांगितलं, हे टळलं तर बरं. लपवलं नाई, खोकलला नाई. घाम फुटला त्याले. आणि मग म्हणाला, माझं राहू दे, तुझं होऊ दे. आणि उठला, आणि गेला. आपण उलटं करतो. आपण हो प्रभू, हो प्रभू म्हणतो, आणि बसून राहतो. तू नाई म्हण. मोठ्यानं म्हण, त्याले ऐकायची सवय आहे. पण मग टोपली उचल. मन मागून येते का नाई, ते त्याच्यावर सोड. मन आणणं तुझं काम नाई."

भाऊहो, मी आयुष्यात एवढी प्रवचनं ऐकली. हे खाटेवरचं एवढंच मले कळलं.

आणि कळूनही मी काय म्हटलं असंल?

मी म्हटलं, "पाहू."

ते म्हणाले, "उद्या रविवार आहे." मी म्हटलं, "पाहू, भाऊ." आणि उठून आलो. गेल्या रविवारी मी गेलो नाई. पोट दुखते म्हणून घरीच पडून राह्यलो. भिंतीपलीकडून मले ऐकू येत होतं, ते मार्थाबाईंना विचारत होते, "मन्या गेला का?" मार्थाबाई म्हणाल्या, "गेला असंल." मले सगळं ऐकू येत होतं. पाच हातांवर भिंत. मी हूं का चूं केलं नाई.

मंगळवारी ते गेले.

त्यांना "हो" ऐकायले मिळालं नाई. हे मले फार लागते. माणूस म्हणून मले याची लाज वाटते, आणि मी हे तुमच्यासमोर बोलून राह्यलो, कारण भिंतीले बोलून आता उपयोग नाई. पाळकसाहेब, तुम्ही मघाशी म्हणालात, याकोबभाऊंचं जाणं हीही देवाची इच्छा. असंल. मी भांडत नाई. पण मले तिच्यात काही करायचं नव्हतं, म्हणून ती मले ऐकायले सोपी गेली. याकोबभाऊंनी नेहमी ती दुसरी दाखवली, जिच्यात आपल्याले पहाटे उठावं लागते.

आज शनिवार आहे. ओट्यावर बसून नावं सांगणारा नाई. सकाळपासून तुम्ही सगळे एकमेकांकडं पाहून राह्यले, मी पाह्यलं आहे. उद्याचं कोण सांगणार? ते तुम्ही आणि मार्थाबाई बसून ठरवा. मार्थाबाई शेळ्यांचाही विचार करतात, त्या बरोबर सांगतील. पण त्यांच्या यादीतलं एक नाव बाकी आहे, ते मी माझं मीच सांगतो.

कोणीतरी सांगा तिकडं निंबाखाली, का उद्या पहाटे मनोहर बांधावरच्या झाडाखाली येते. मोह वेचून त्याच्या अंगणात वाळत घालून जाईल. हेही सांगा, का मनोहरचा राग गेलेला नाई. तोडलेल्या फांद्यांकडं तो पाहील, आणि तोंडातल्या तोंडात बडबडेल. रागानंच वेचीन. पण वेचीन. उद्या वेचीन, आणि त्याचा पाय जमिनीवर टेकेपर्यंत रोज वेचीन. रविवारचं काम आहे हे मले माहीत आहे. आठ दिवस मी उशीर केला आहे, म्हणून बाकीचे वारही देतो.

मन नाई माझं. मी हे मोठ्यानं सांगून राह्यलो, जसं त्यांनी सांगितलं. मन नाई. येतो.

याकोबभाऊ, तुम्हाले माझा शेवटचा सलाम. तुम्ही फार त्रास दिला. देवाजवळ गेलात, तिथीही सुचवत असाल. त्यानं ऐकून घ्यावं एवढीच माझी विनंती आहे, त्याले आता तुमची सवय होईल.

आता सगळ्यांनी उभं राहा. ज्याचा जो देव असंल त्याले आठवा. दोन मिनिटं कोणी बोलू नका, पोरंबाळं सांभाळा. चला, उभे राहा...

अरे, अरे. तिकडं निंबाखाली, धरा त्याले. कुबडी घसरून राह्यली, धरा कोणी... नाई, नाई. दादा! दादा, तू नको उठू. बस. बस म्हटलं ना. तू बसून राह्य, दादा. मी आहो ना उभा.